घाडीकाकांचे एकेचाळीस साचे

घाडीकाकांच्या मिसळणाच्या डब्यात हळद नव्हती, हात होते.

मी चिमूटभर हळद मागायला गेले होते. गॅसवर पातेलं ठेवलेलं, घरातली हळद संपलेली, म्हटलं समोरच्या खोलीतून आणू. काका मोरीत होते. त्यांना हाक मारून उपयोग नसे, कारण कानांनी कधीच राम म्हटलेला. म्हणून मी आपला फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि डबा हातातून सुटायचाच बाकी राहिला. बोटाच्या पेराएवढे हात. एका वाटीत नुसत्या मुठी, एकीत उघडे पंजे, एकीत बोट दाखवणारे, एकीत तलवार धरण्यासाठी भोक ठेवलेले. मधल्या वाटीत चेहरे, म्हणजे फक्त पुढचे मुखवटे. एक रागावलेला, एक हसरा, एक डोळे मिटलेला.

काका टॉवेलला हात पुसत बाहेर आले. मला बघून दचकले नाहीत, डब्याकडे बघून दचकले.

"डावे-उजवे मिसळू नको गो," म्हणाले. "निवडूक माका दोन दिवस लागले."

"हळद कुठाय?" मी तोंड मोठं करून विचारलं.

"हळद पुडीत. स्टोव्हच्या मागे."

तर असे आमचे शांताराम घाडी. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर आमच्या खोल्या समोरासमोर. मी ब्लाउज शिवायचे, हिंदमाताच्या साडीवाल्यांची कामं घ्यायचे, त्यामुळे दिवसभर दारात मशीन आणि मशीनसमोर काकांचं दार. मला त्या माणसाबद्दल माहीत आहे ते एवढ्यावरूनच. बाकी त्यांचं कुळ-मूळ काढायला मी गेले नाही.

गिरणीत ते साचेखात्यात तेलवाले होते. गिरणीतले लोक मागाला साचा म्हणायचे. तेलाची बुधली घेऊन साच्यांच्या रांगांमधून फिरायचं, प्रत्येकाच्या सांध्यात थेंब सोडायचा, कोण कुरकुरतोय ते हात लावून ओळखायचं, हे त्यांचं काम. साचेखात्यात आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. काकांचे कान तिथेच गेले, पण ओठ वाचायला ते असे शिकले की गॅलरीच्या त्या टोकाला कोण कोणाची निंदा करतंय ते यांना बसल्या जागी कळायचं. आम्ही बायका त्यांच्याकडे पाठ करून बोलायचो.

संप झाला तेव्हा मी शाळेत होते. काकांचा प्रकाश चार वर्षांचा. दोन-तीन महिने कसेबसे काढून काकींनी मुलाला घेऊन गाव गाठलं, तशी अर्ध्या चाळीतली बायकामुलं तेव्हा कोकणात गेली. काका एसटी सुटताना प्रकाशला म्हणाले होते, "दोन महिन्यांत मिटता. न्यायला येतंय." संप मिटला असं शेवटपर्यंत कुणी येऊन सांगितलंच नाही. गिरणी उघडली तेव्हा काकांना आत घेतलं नाही, मग त्यांनी कुठे वॉचमन, कुठे लिफ्टमन अशी कामं केली. काकी गावची शेती बघत तिथेच राहिल्या. प्रकाश मुंबईला आला तो अठरा वर्षांचा होऊन, आपल्या पायांनी, बापाला न कळवता.

बापलेकांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी आला असता. दोघं एकमेकांशी अदबीने वागायचे. "जेवलास?" "हो." "पंखा लावू?" "नको." मला तर बघून कसंतरी व्हायचं.

मग प्रकाश जहाजावर लागला, इंजिनाच्या कामाला. नऊ-नऊ महिने बाहेर. पहिल्या खेपेहून आला तो जपानच्या कुठल्याशा बंदरातून सात बाहुले घेऊन. गावात शेजाऱ्याच्या टीव्हीवर रविवारी जपानी कार्टून बघायचा म्हणे, तेव्हापासूनचं वेड. केस काट्यासारखे उभे असलेले, कुणी तलवारवाले, कुणी यंत्राच्या चिलखतात बसलेले. वीतभर उंचीचे, पण सगळे अवयव हलणारे, सोबत बदलायला सुटे हात आणि चेहरे. त्याने काचेचं कपाट घेतलं, त्याला कुलूप लावलं.

"ह्या वयात बाहुल्यो?" काका मला म्हणाले, आणि ते प्रकाशने ऐकलं. त्याने एक बाहुला काढला, त्याचा गुडघा वाकवला आणि बापाच्या तळहातावर ठेवला. काकांनी तो फिरवला, खांदा बघितला, कोपर बघितलं, मनगट, घोटा. त्यांची बोटं सावकाश एकेका सांध्यावरून गेली. मोजून झाल्यावर म्हणाले, "तीस सांधे. गुडघ्याक दोन-दोन."

प्रकाशला हसू आलं. "सांभाळाल ना बाबा? मी नसताना?"

हे वाक्य काकांनी मला पुढच्या महिन्यात दहा वेळा तरी सांगितलं असेल. "गो नंदा, तेना माका आजपर्यंत काय सांभाळूक दिल्यान नाय. ह्यां पहिलां." सांगताना चेहऱ्यावर आनंद नसे. धास्ती असे.

आणि तिथून त्या माणसाला घोर लागला.

प्रकाश दर खेपेला पाच-सहा आणायचा. नावं काकांना उच्चारता यायची नाहीत, म्हणून त्यांनी साच्यांसारखे नंबर दिले. एक नंबर, दोन नंबर, प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी. रोज सकाळी चहा झाला की कपाट उघडायचं आणि प्रत्येकाचा प्रत्येक सांधा एकदा फिरवून परत होता तसा उभा करायचा. "बंद साचो मरता, चालतो साचो जगता," हे त्यांचं म्हणणं. ओल लागेल, मुंग्या लागतील, उंदीर कुरतडेल, पोरांचा चेंडू काच फोडेल, दुपारचं ऊन पडून रंग जाईल. कपाट त्यांनी तीनदा हलवलं. कुठे जायला निघाले की तळमजल्यापर्यंत उतरून परत वर यायचे, कुलूप ओढून बघायचे, पुन्हा उतरायचे. एकदा वरच्या माळ्यावरची मोरी गळायला लागली तर दोन दिवस कपाटावर छत्री उघडून ठेवली आणि स्वतः भिजत बसले. मी म्हटलं, "काका, बाहुले ते, मरत नाहीत." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प मशीनवर येऊन बसले.

गणपतीला गावी जायचे तेही तीन दिवसांसाठी, कारण मागे सांधे कोण फिरवणार? मीच. पण त्याआधी माझी परीक्षा झाली. सहा नंबरचा डावा खांदा मागे न्यायचा नाही, अडतो. नऊ नंबरची मान आधी वर घ्यायची, मग वळवायची. शिवणारी बाई आहे, बोटं हलकी आहेत, एवढ्या भांडवलावर पास झाले. तीन दिवसांनी काका आले, पिशवी खाली ठेवली, कपाट उघडलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "चौदा नंबर फिरवला नाहीस." खरंच नव्हता फिरवला. मला आजतागायत कळलेलं नाही, त्यांना ते कसं समजलं.

एकेचाळीस झाले त्या वर्षाचा दसरा. गिरणीत दसऱ्याचा थाट काय असायचा ते त्या माणसांच्या तोंडून ऐकावं. आदल्या दिवशी साचे पुसून लख्ख, प्रत्येकाला भरपूर तेल, सकाळी झेंडूचे हार, पूजा, पेढे. गिरणी सुटल्यापासून दसऱ्याला काका नुसते बसून असायचे. त्या वर्षी खंडेनवमीला माझ्या दारात आले. बाहुल्यांचे काही सांधे घट्ट झाले होते, दमट हवेने असेल.

"तुझ्या मशीनचां तेल दी," म्हणाले.

मी दिलं. नवी बाटली होती, सील मीच दाताने तोडलं. शिवणाच्या मशीनला चालतं ते तेल, त्या एवढ्याशा बाहुल्यांना काय होणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, दिलं झालं.

सुईच्या टोकावर थेंब घेऊन त्यांनी दिवसभर एकेचाळीस जणांचे सगळे सांधे भरले. वरून मलमलीने पुसले. दसऱ्याच्या सकाळी प्रत्येकाच्या पायाशी झेंडूची एकेक पाकळी. त्यांचे साचेखात्यातले दोन जुने सोबती सोनं द्यायला आले आणि कपाटापुढे उभे राहिले ते राहिलेच. मग एकजण हसायला लागला. दुसरा पण. मला कळेना काय झालं. काकांनी डब्यातले हात बदलून बाहुल्यांना साचेखात्यातल्या खुणा करायला लावलं होतं. हा म्हणतोय धागा तुटला. हा म्हणतोय जॉबर येतोय, म्हणजे मुकादम. तो तलवारवाला म्हणतोय पाणी दे. कोपऱ्यातले दोघं कुणा बाईबद्दल बोलत होते, ते मला कुणी समजावलं नाही. हसता हसता त्यातल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. काकांना मी एवढं खूष कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि अकरा नंबरचा घोटा तडकला.

केसाएवढी रेघ होती. काका म्हणाले सुकला असेल, अजून एक थेंब घातला. आठवड्यात घोटा सुटून हातात आला. मग तीन नंबरचं कोपर. मग सव्वीस नंबरच्या दोन्ही मांड्या. जिथे रेघ दिसे तिथे काका तेल घालत आणि जिथे तेल घालत तिथे दुसरी रेघ येई. रोज सकाळी कपाट उघडायच्या आधी ते काचेतूनच नवी रेघ शोधायचे. मी मशीनवरून बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

त्यात प्रकाशचे फोन. बंदराला लागला की माझ्या घरी फोन करायचा, कारण काकांना फोनवर ऐकू येत नसे. मी त्याचं ऐकून काकांना ओठांनी सांगायचे आणि काकांचं त्याला. विचारायचा, "ताई, माझी मंडळी बरी आहेत ना?" मी काकांकडे बघायचे. काका म्हणायचे, "बरी आसत, सांग." मी सांगायचे. दोन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "शिमग्याला येतोय," आणि ते मी काकांना सांगितलं तेव्हा ते उठून कपाटाचं कुलूप ओढून बघायला लागले.

मग मीच पुढाकार घेतला. लोअर परळच्या एका गाळ्यात प्लास्टिकचे डबे-झाकणं बनवणारा एक मालक माझ्या ओळखीचा होता. अकरा नंबरला रुमालात गुंडाळून आम्ही दोघं गेलो. त्याने घोट्याचा तुकडा हातात घेतला, वास घेतला.

"मशीनचं तेल लावलंत?"

"हो."

"मग संपलं. ह्या प्लास्टिकला ते तेल चालत नाही. सांध्याजवळ ताण असतो, तेल आत शिरतं नि तिथेच तडकतं. कोरडे ठेवले असतेत तर काही झालं नसतं."

मी काकांकडे वळले, सांगायला. ते म्हणाले, "वाचलंय मी."

परत येताना ते गिरणीच्या भिंतीजवळ थांबले, तिथे आता आत काचेच्या इमारती उठत होत्या. म्हणाले, "तेल घालून मोडलां? गो नंदा, तेल घालून?" आणखी एकदा तेच म्हणाले. बाटली माझी होती.

घरी येऊन साबणाच्या पाण्याने तेल काढलं, पण शिरायचं ते शिरून गेलं होतं. एकेचाळीसपैकी सतरा गेले. काही ठिकाणी काकांनी सुया तोडून आत खिळी बसवली, सात-आठ उभे राहिले, पण वाकले की सुटायचे. त्यांचं जेवण तुटलं. केलेला भात तसाच मांजराला. मी म्हटलं, "मोडलेले मागच्या रांगेत ठेवा, चांगले पुढे. पंधरा दिवस तर राहणार तो. लक्षातही येणार नाही." एक दिवस तसं ठेवलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी बघते तर सतराच्या सतरा पुढच्या फळीवर, वर्तमानपत्र पसरून त्यावर आडवे, सुटलेले तुकडे ज्याचे त्याच्याजवळ.

"हे काय केलंत?"

"मोडलेलो साचो झाकून गेलो तर पुढच्या पाळीवाल्याचो हात जाता," ते म्हणाले. "तसां करूचां नसता."

प्रकाश यायचा त्या दिवशी सकाळपासून काका गॅलरीत उभे. मी तीनदा चहा दिला, तीनदा गार झाला. दुपारी तो जिना चढून आला, उन्हाने रापलेला, खांद्यावर बॅग. बॅग खाली ठेवायच्या आत काका म्हणाले, "सतरा मोडले. तेल घातलंय मी."

मी माझ्या दारातून उठून गेले. म्हटलं, "तेल मी दिलं रे प्रकाश."

"ताई, तुम्ही दिलंत," तो म्हणाला. "घातलं कुणी?"

त्याने कपाट उघडलं. सव्वीस नंबर उचलला. धड हातात आलं, पाय कागदावरच राहिले. त्याने तो परत ठेवला, नीट, पायांना टेकवून. मग खिडकीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "यांच्या भरवशावर ठेवलेलं काय टिकलंय आजपर्यंत."

मुद्दाम पाठ केली का? मला वाटतं मुद्दामच. बापाला लागू नये म्हणून की बापाच्या तोंडावर बोलवेना म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक. काकांना फक्त त्याचे खांदे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालो तो?"

"दमलोय म्हणाला," मी सांगितलं.

काका माझ्या ओठांकडे थोडा वेळ बघत राहिले. "बरां," म्हणाले आणि स्टोव्ह पेटवायला गेले. मी खोटं बोलले, त्याची मला लाज वाटत नाही. माझे ओठ खोटं बोलताना कसे दिसतात, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं, ते राहिलं.

शिमग्याला दोघं गावी गेले, परत आले. जेवण, पंखा, तीच अदब. कपाटाचा विषय नाही. प्रकाश निघायच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्याकडून कापडाची खोकी मागून नेली आणि वर्तमानपत्रं. कपाटाशेजारी रचून ठेवली. मला म्हणाले, "नेतलो तो. नेऊंदे. तेच्याच आसत." बोलताना खोक्यांच्या कडा सारख्या करत होते.

सकाळी टॅक्सी खाली उभी. प्रकाशने खोकी बघितली.

"हे कशाला?"

"तू नेशील म्हणून."

"जहाजावर कुठे नेऊ?" त्याने बॅगेतून एक नवा बाहुला काढला, अजून खोक्यात बंद, सील न फोडलेला, आणि तो कपाटात पुढच्या फळीवर ठेवला, सतरांच्या शेजारी. कपाट लावलं. मग बापासमोर येऊन उभा राहिला, चेहरा समोर, आणि ओठ नीट दिसतील असं एकेक शब्द सुटा करून बोलला. "बाबा, सगळे इथेच राहू देत. पण हात लावायचा नाही. तेल नाही, फिरवायचं नाही, पुसायचं नाही. नुसते बघा. मी आलो की आपण दोघं काढू."

"नाय लावणार," काका म्हणाले.

प्रकाश वाकून पाया पडला. जाताना कपाटाची किल्ली भिंतीच्या खिळ्यालाच लटकवून गेला. मी दारात उभी राहून रडले. मला वाटलं, सुटलं बाबा एकदाचं.

त्याच पावसाळ्यात मी चाळ सोडली, भावाकडे राहायला गेले. पुढच्या वर्षी काका गावी वारले ते मला पत्राने कळलं, म्हणून त्यांना मी शेवटचं बघितलं ते चाळ सोडायच्या दिवशीच. निरोप घ्यायला गेले. सकाळची वेळ, स्टोव्हवरून चहा नुकताच उतरलेला. ते कपाटापुढे उभे होते, माझ्याकडे पाठ. दोन्ही हात पाठीमागे, आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट पकडून ठेवलेलं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर झाले. कपाटात आत सगळीकडे धुळीचा थर, एकेचाळीस डोक्यांवर, त्या बंद खोक्यावर.

"काका, केवढी धूळ बसलीय," मी म्हटलं. "किल्ली इथेच आहे. मी देते पुसून, हात माझा, तुमचा नाही."

"नको," ते म्हणाले. मनगट सोडलं नव्हतं. "धुळीन काय मोडणत नाय."